फटका लागण्याआधीची चाहूल: टेनिसमध्ये प्रतिस्पर्ध्याचा फटका ओळखायला शिकताना

टेनिस नव्याने शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यातच चेंडूवर नजर ठेवण्याची सूचना मिळते. सूचना योग्यच आहे; परंतु तिच्यावर अक्षरशः विसंबणारा खेळाडू चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या रॅकेटवरून सुटेपर्यंत कसलाच विचार करीत नाही, त्यामुळे प्रत्येक फटक्याला तो अर्धे पाऊल उशिरा पोहोचतो आणि काही महिन्यांनी आपले पायच मंद आहेत अशी स्वतःची समजूत करून घेतो. मी स्वतः अशी काही वर्षे काढली आहेत. माझ्याहून वयाने बरीच मोठी, गुडघ्याला पट्टा बांधून खेळणारी मंडळी मला सहज हरवीत आणि ती धावताना कधी दिसतही नसत. चेंडू जिथे यायचा तिथे ती आधीच उभी असत.

यामागचा हिशेब साधा आहे. टेनिस कोर्टाची लांबी २३.७७ मीटर असते. बेसलाइनवरून, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेवरून, मारलेला मध्यम वेगाचा फटका समोरच्या बेसलाइनपर्यंत यायला साधारणपणे एक ते दीड सेकंद घेतो आणि ताशी १९० किलोमीटर वेगाची सर्व्हिस अर्ध्या सेकंदाहून थोड्याच अधिक वेळात आपल्यापर्यंत पोहोचते. डोळ्यांनी काही पाहिल्यापासून शरीर हलू लागेपर्यंत सुमारे ०.२ सेकंद जातात, आणि उरलेल्या वेळात पावले टाकणे, रॅकेट मागे नेणे व फटका मारणे हे सारे उरकायचे असते. धावण्याचा वेग वाढवून या हिशेबात फारशी बचत होत नाही. बचत होते ती सुरुवात लवकर केल्याने, आणि लवकर सुरुवात करण्यासाठी चेंडू सुटण्याआधी काय काय दिसू शकते हे माहीत असावे लागते.

या विषयावर बोलताना आंद्रे आगासी आणि बोरिस बेकर या नामवंत टेनिसपटूंची गोष्ट हमखास सांगितली जाते. बेकरविरुद्धचे पहिले तिन्ही सामने आगासी हरला होता. मग त्याने बेकरच्या सामन्यांच्या चित्रफिती पाहिल्या, आणि सर्व्हिस करण्याआधी बेकरची जीभ किंचित बाहेर येते व ती ओठांच्या मध्यभागी आहे की कोपऱ्यात, यावरून सर्व्हिसची दिशा कळते, असे त्याच्या ध्यानात आले. पुढच्या अकरा सामन्यांपैकी दहा आगासीने जिंकले. सर्व्हिस परतवण्यापेक्षा आपल्याला हे कळले आहे याचा बेकरला पत्ता लागू न देणेच अधिक कठीण होते, असे त्याने नंतर सांगितले. गोष्ट खरोखरच रंजक आहे, परंतु नवख्या खेळाडूची ती दिशाभूल करते असे माझे मत आहे, कारण ती ऐकून प्रतिस्पर्ध्याचा फटका ओळखणे म्हणजे त्याचे एखादे गुपित हुडकून काढणे होय अशी कल्पना रूढ होते. सर्वसाधारण सामन्यात गुपिते फारशी सापडत नाहीत. तिथे काम असते ते शक्यता वगळत जाण्याचे, आणि वगळण्याची सुरुवात प्रतिस्पर्ध्यापासून होत नाही. ती आपण नुकत्याच मारलेल्या फटक्यापासून होते.

पहिली पायरी: आपण काय पाठवले ते पाहणे

फटका मारून झाल्यावर नवखा खेळाडू क्षणभर तो कसा गेला याचे कौतुक किंवा दुःख करीत उभा राहतो. त्याऐवजी त्याने स्वतःला एकच प्रश्न विचारावा: हा चेंडू प्रतिस्पर्ध्याला कुठे आणि किती उंचीवर मिळणार आहे? चेंडू बेसलाइनजवळ खोल पडला आणि खांद्याच्या वर उसळला, तर परतीचा फटका बहुधा संथ व आखूड येईल, म्हणून आपण पाऊलभर पुढे सरकावे. चेंडू सर्व्हिसच्या रेषेजवळ आखूड पडला, तर प्रतिस्पर्धी पुढे येऊन जोरात मारील किंवा मोठा कोन साधील, म्हणून आपण मागे सरून तयार राहावे. आपला स्लाइस, म्हणजे चेंडूला खालून कापून उलटी फिरकी दिलेला फटका, नेटच्या उंचीखालीच राहिला, तर त्याला चेंडू खालून वर उचलावाच लागतो, आणि उचललेला चेंडू सहसा फार वेगाने येत नाही. प्रतिस्पर्धी धावत जाऊन, शरीर पूर्ण ताणून चेंडू गाठत असेल, तर जोरकस फटक्याची शक्यता जवळपास मिटते आणि उंच लॉब किंवा मऊ, आखूड चेंडू यांतलेच काहीतरी येते.

यातील एकाही गोष्टीसाठी प्रतिस्पर्ध्याचा स्वभाव माहीत असावा लागत नाही, आणि म्हणूनच अनोळखी खेळाडूसमोरसुद्धा पहिल्या गेमपासून ही पायरी उपयोगी पडते.

याच हिशेबात क्रॉसकोर्टचा, म्हणजे कोर्टाच्या तिरक्या कोपऱ्याकडे मारलेल्या फटक्याचा, विचार येतो. नेट मध्यभागी ०.९१४ मीटर उंच असते आणि खांबांपाशी १.०७ मीटर, म्हणजे तिरका मारलेला चेंडू नेटच्या बुटक्या भागावरून जातो. शिवाय एकेरीच्या कोर्टात एका कोपऱ्यापासून तिरक्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर सुमारे २५.१५ मीटर भरते, म्हणजे सरळ अंतरापेक्षा जवळजवळ १.४ मीटर जास्त. चुकीला जागा अधिक असल्यामुळे अडचणीत सापडलेला खेळाडू बहुधा तिरकाच मारतो. दुसरा काही पुरावा नसेल तेव्हा क्रॉसकोर्ट गृहीत धरावा. हा अंदाज दर वेळी खरा ठरणार नाही, पण चुकण्यापेक्षा खरा ठरण्याचे प्रसंग अधिक येतील.

दुसरी पायरी: उभे राहण्याची जागा

प्रत्येक फटक्यानंतर बेसलाइनच्या मधोमध परत यावे असे नवख्यांना शिकवले जाते. सुरुवातीला ते ठीक आहे, पण योग्य जागा क्वचितच नेमकी मध्यावर असते. समजा, आपण उजव्या हाताने खेळता आणि आपला फोरहँड (रॅकेट धरलेल्या हाताच्या बाजूचा फटका) क्रॉसकोर्ट जाऊन प्रतिस्पर्ध्याच्या फोरहँडच्या कोपऱ्यात, म्हणजे आपल्या डाव्या हाताला, पडला आहे. तिथून तो एक तर आपल्या डाव्या रेषेलगत सरळ मारू शकतो किंवा कोन साधून चेंडू आपल्या उजव्या रेषेबाहेर नेऊ शकतो. या दोन टोकाच्या फटक्यांमधील कोन मनाशी आखावा आणि त्या कोनाला दुभागणाऱ्या रेषेवर उभे राहावे. बेसलाइनवर ही जागा मध्यखुणेच्या उजवीकडे साधारण मीटरभर निघते, म्हणजे चेंडू ज्या बाजूला आहे तिच्या विरुद्ध बाजूला.

आता तोच फटका सरळ, डाउन द लाइन मारला असता तर काय झाले असते ते पाहावे. चेंडू आपल्या उजव्या हाताला गेला असता, योग्य जागा मध्यखुणेच्या डावीकडे गेली असती, आणि उजव्या कोपऱ्यातून तिथे पोहोचायला तीनऐवजी पाच मीटर कापावे लागले असते. धावपळीत असताना सरळ फटका मारू नये, असे जाणकार का सांगतात त्याचे कारण या दोन मीटरांत आहे.

नेटजवळ मात्र गणित उलटते. दुभागणारी रेषा प्रतिस्पर्ध्याच्या चेंडूपासून निघून तिरकी आपल्याकडे येते. बेसलाइनवर पोहोचेपर्यंत ती मध्य ओलांडते, परंतु नेटपाशी ती अजून चेंडूच्याच बाजूला असते. म्हणून व्हॉलीसाठी, म्हणजे टप्पा पडण्याआधीच चेंडू मारण्यासाठी, पुढे जाताना आपला चेंडू जिकडे गेला तिकडेच, मध्यापासून मीटरभर सरकून उभे राहावे. मी हे प्रथम कागदावर रेघा मारून पाहिले तेव्हा पटले; तोवर पासिंग शॉट, म्हणजे नेटजवळच्या खेळाडूच्या बाजूने काढलेले फटके, माझ्या जवळून जात राहिले आणि मी प्रतिस्पर्ध्याच्या नशिबाला दोष देत राहिलो. वाचकांनीही एकदा कोर्टाची आकृती काढून पाहावी, असे मी आग्रहाने सुचवीन.

तिसरी पायरी: स्प्लिट स्टेप

जागा योग्य असूनही टाचा जमिनीला चिकटलेल्या असतील तर ओळखलेल्या फटक्याचा उपयोग होत नाही. प्रतिस्पर्ध्याची रॅकेट चेंडूकडे पुढे येऊ लागली की एक छोटीशी, जेमतेम बोटभर उंचीची उडी घ्यावी, चेंडू त्याच्या रॅकेटला लागत असताना आपण हवेत असावे आणि लगेच दोन्ही पायांच्या चवड्यांवर, गुडघे सैल ठेवून उतरावे. मुरलेले खेळाडू उतरता उतरताच दिशा ओळखतात आणि जायच्या दिशेच्या विरुद्ध पायावर आधी भार देऊन त्या पायाने स्वतःला ढकलतात. नवख्याने एवढ्या बारकाव्यात न शिरता फक्त वेळ साधण्याकडे लक्ष द्यावे. आपल्या जागेवर पोहोचायला अजून दोन पावले बाकी असली तरी प्रतिस्पर्धी मारण्याच्या बेतात असेल तर तिथेच थांबून स्प्लिट स्टेप घ्यावी. चुकीच्या जागी स्थिर असणे हे योग्य जागेकडे धावत असण्यापेक्षा बरे, कारण धावत्या शरीराला दिशा बदलायला फार वेळ लागतो.

चौथी पायरी: प्रतिस्पर्ध्याचे शरीर वाचणे

इथे नजर कुठे ठेवायची हा मूळ प्रश्न आहे. आपला चेंडू नेट ओलांडून पलीकडे गेल्यावर त्याचा पाठलाग करीत राहण्याची गरज नसते; तो कुठे जाणार हे तोवर ठरलेले असते. त्या क्षणी नजर प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यांपासून रॅकेटपर्यंतच्या भागावर न्यावी. चेहऱ्याकडे पाहून काही कळत नाही, आणि डोळ्यांनी तर चांगले खेळाडू मुद्दाम फसवतात. संशोधकांनी अनेकदा केलेला एक प्रयोग इथे आठवतो: खेळाडूंना फटक्याची चित्रफीत दाखवायची, चेंडू रॅकेटला लागण्याच्या आधीच ती थांबवायची आणि चेंडू कुठे जाईल ते विचारायचे. अनुभवी खेळाडूंची उत्तरे नवख्यांपेक्षा अधिक अचूक निघतात. माहिती दोघांसमोर सारखीच असते. कुठे पाहायचे ते एकाला ठाऊक असते.

सर्वांत आधी रॅकेट मागे कशी जाते ते पाहावे. रॅकेट खांद्याच्या वर उचललेली आणि तिचा चेहरा, म्हणजे तारांची बाजू, आकाशाकडे उघडलेला असेल तर स्लाइस येतो, जो हवेत तरंगतो आणि टप्प्यानंतर खाली राहतो. रॅकेटचे टोक चेंडूच्या खाली उतरले असेल तर टॉपस्पिन, म्हणजे पुढच्या दिशेने फिरकी दिलेला फटका येतो, जो टप्प्यानंतर उंच उसळतो. दोन हातांनी बॅकहँड (फोरहँडच्या विरुद्ध बाजूचा फटका) मारणाऱ्याचा वरचा हात रॅकेटवरून सुटताना दिसला, तर स्लाइस किंवा ड्रॉप शॉट (नेटलगत हळूच टाकलेला फटका) ठरलेलाच समजावा. एवढे एकच लक्षण ओळखता आले तरी किती पुढे वाकायचे याचा निर्णय लवकर होतो.

दिशेसाठी चेंडू शरीराच्या किती पुढे घेतला जात आहे ते महत्त्वाचे. चेंडू शरीराच्या बराच पुढे गाठला तर रॅकेटचा चेहरा आत वळलेला असतो आणि फटका क्रॉसकोर्ट जातो. चेंडू उशिरा, शरीराच्या बरोबरीने किंवा मागे गाठला तर तो सरळ जाण्याचीच शक्यता अधिक, कारण तिरका मारायला मनगट तिथपर्यंत पोहोचत नाही. खांदे लवकर उघडले, छाती नेटकडे वळली तर क्रॉसकोर्ट; खांदे शेवटपर्यंत आडवे राहिले तर सरळ. आणि वजन मागच्या पायावर पडत असेल तर फटका आखूड येईल किंवा लॉब उठेल, हे बहुतेक वेळा खरे ठरते.

ड्रॉप शॉट ओळखणे सर्वांत अवघड, कारण त्याची तयारी स्लाइससारखीच दिसते. फरक रॅकेट पुढे येताना पडतो, ती अचानक हळू होते आणि मारणाऱ्याचे शरीर फटक्यात पुढे झुकत नाही. परंतु ते दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, म्हणून तिथे परिस्थितीच अधिक विश्वासार्ह ठरते: प्रतिस्पर्धी बेसलाइनच्या आत उभा आहे आणि आपण बेसलाइनच्या दोन-तीन मीटर मागे आहोत, ही ड्रॉप शॉटला दिलेली लेखी निमंत्रणपत्रिका आहे.

एक सावधगिरी इथेच नोंदवावीशी वाटते, कारण ती सहसा कोणी सांगत नाही. नवख्या प्रतिस्पर्ध्याचा फटका वाचणे काही बाबतींत मुरलेल्या खेळाडूपेक्षा कठीण असते, कारण त्याला जिथे मारायचे असते तिथे चेंडू जातोच असे नाही. तो शरीराने क्रॉसकोर्टची सगळी तयारी करतो आणि उशीर झाल्याने चेंडू सरळ निघतो. अशा खेळाडूचा हेतू वाचत बसू नये. रॅकेट चेंडूला कुठे आणि कशी लागते तेवढेच पाहावे.

पाचवी पायरी: सर्व्हिस

सर्व्हिसमध्ये पाहण्याजोगी मुख्य गोष्ट म्हणजे टॉस, अर्थात मारण्याआधी चेंडू हवेत उडवणे. उजव्या हाताचा खेळाडू चेंडू आपल्या उजवीकडे उडवीत असेल तर बहुधा स्लाइस सर्व्हिस येते; ती ड्यूस कोर्टात (परतवणाऱ्याच्या उजव्या अर्ध्या भागात) परतवणाऱ्याला उजवीकडे बाहेर खेचते आणि अ‍ॅड कोर्टात (डाव्या अर्ध्या भागात) मध्यरेषेकडे वळते. चेंडू डोक्यावर किंवा किंचित डावीकडे, मागे उडवला तर किक सर्व्हिस येते, जी टप्प्यानंतर उंच उसळून परतवणाऱ्याच्या डावीकडे झेपावते. चेंडू बराच पुढे उडवला तर सपाट, वेगवान सर्व्हिसची अपेक्षा ठेवावी. डावखुऱ्यांच्या बाबतीत हे सगळे आरशातल्याप्रमाणे उलटे होते, आणि नवख्यांना डावखुरे प्रतिस्पर्धी जड जातात त्याचे मोठे कारण हेच. वरच्या दर्जाचे खेळाडू सर्व सर्व्हिस एकाच टॉसवरून करायला शिकतात. विख्यात टेनिसपटू पीट सँप्रसची ख्याती त्यासाठीच होती. परंतु हौशी खेळाडूंपैकी फार थोड्यांना ते जमते, म्हणून टॉस पाहण्याची सवय आपल्या पातळीवर भरपूर फळ देते.

सहावी पायरी: सवयी आणि गुणसंख्या

पहिल्या दोन-तीन गेममध्ये गुण जिंकण्याइतकेच महत्त्व माहिती गोळा करण्याला द्यावे. दुसरी सर्व्हिस तो नेहमी बॅकहँडवर करतो का, बॅकहँडच्या कोपऱ्यातला चेंडू तो धावत फिरून फोरहँडने मारतो का, नेटजवळ गेल्यावर त्याचा हात कुठे वळतो, एवढे तीन प्रश्न पुरेत. त्याहून अधिक प्रश्न घेऊन खेळायला उतरलेला नवखा खेळाडू चेंडूच विसरतो. दडपणाखाली माणूस आपल्या सर्वांत भरवशाच्या फटक्याकडे वळतो; म्हणून ३०–४० अशा गुणसंख्येवर त्याने आधी कोणता फटका वापरला होता ते आठवावे आणि तोच पुन्हा येईल असे धरून चालावे.

तथापि, ओळखणे पुरेसे नसते, हे राफेल नदाल आणि रॉजर फेडरर यांच्या लढतींनी वर्षानुवर्षे दाखवले. डावखुऱ्या नदालचा भरपूर टॉपस्पिनचा फोरहँड क्रॉसकोर्ट येणार आणि फेडररच्या एका हाताच्या बॅकहँडवर खांद्याएवढा उसळणार, हे फेडररलाच काय, प्रेक्षकांनाही ठाऊक असे. २०१७ च्या ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यात फेडररने बेसलाइनजवळ राहून तोच चेंडू उसळी घेतानाच, लवकर आणि सपाट मारला आणि पाच सेटमध्ये विजय मिळवला. ओळखलेल्या फटक्यामुळे आपली जागा किंवा तयारी बदलली पाहिजे, नाहीतर तो केवळ बरोबर निघालेला अंदाज राहतो.

कधी हलावे

लवकर ओळखलेल्या फटक्याकडे फार लवकर धावणे ही पुढची चूक. प्रतिस्पर्ध्यालाही डोळे असतात, आणि आपण एका बाजूला पळालेलो दिसताच तो दुसरीकडे मारतो. त्याची रॅकेट पुढे निघाल्यानंतर मात्र दिशा बदलणे त्याला सहसा शक्य नसते. म्हणून निर्णय आधी झाला तरी हालचाल तोपर्यंत रोखून धरावी. पूर्णपणे एका बाजूचा जुगार खेळण्याचा प्रसंग एकच: आपण इतके आखूड आणि उंच पाठवले आहे की थांबून वाट पाहिली तरी चेंडू मिळणार नाही. तिथे एक बाजू निवडून पळावे आणि चुकल्यास हळहळ करू नये.

सराव

पहिले दोन आठवडे फक्त जागा आणि स्प्लिट स्टेप यांवर घालवावेत. प्रतिस्पर्ध्याच्या शरीराकडे लक्ष देण्याचा प्रयत्न तोवर करूच नये. त्यानंतर सरावाच्या रॅलीत प्रत्येक चेंडू नेट ओलांडण्याआधी "फोरहँड" किंवा "बॅकहँड" असे मोठ्याने म्हणावे. सुरुवातीला शब्द चेंडू आपल्या बाजूला आल्यावर निघतो, काही दिवसांनी तो नेटपाशी निघतो, आणि मग केव्हातरी तो चेंडू रॅकेटला लागतानाच तोंडून बाहेर पडतो. दुसरा सराव जोडीदाराबरोबर करावा: दोघांनी क्रॉसकोर्टच मारत राहायचे, आणि एकाला कोणत्याही क्षणी एकदाच सरळ मारण्याची मुभा द्यायची. तो बदल नेमका केव्हा आणि कोणत्या लक्षणावरून कळला हे रॅली संपल्यावर दुसऱ्याने शब्दांत सांगायचे. कळले पण सांगता येत नाही असे पुष्कळदा होते. त्यात काही वावगे नाही.

कोर्ट मोकळे नसेल तेव्हा बाजूला बसून दुसऱ्यांचे सामने पाहावेत, पण चेंडूमागे मान न फिरवता अख्खा गेम एकाच खेळाडूवर नजर ठेवून. टीव्हीवरचा सामना नोंदवून ठेवला असेल तर सर्व्हिस करणाऱ्याकडे पाहावे, आणि सर्व्हिसचा टॉस सर्वांत वर पोहोचल्यावर चित्र थांबवून दिशा सांगून मग पुढे सोडावे. वीस सर्व्हिस झाल्या की किती बरोबर आल्या ते वहीत लिहावे. दुसऱ्या दिवशी त्याच खेळाडूच्या वीस पाहाव्यात, आणि आकडा वाढायचा थांबला की मगच खेळाडू बदलावा.